बॉयलरपुढचं गाऱ्हाणं

माझी सून पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहे. मागे एकदा तिच्या ऑफिसने सगळ्यांना लोणावळ्याला नेलं, चांगल्या हॉटेलात ठेवलं आणि कामाच्या ठिकाणी एकमेकांशी कसं बोलावं ते शिकवलं. आल्यावर मला फोनवर सांगत होती, समोरच्याचं आधी ऐकून घ्यायचं, मग त्याचं चांगलं काय ते सांगायचं, मग हळूच चूक सांगायची आणि शेवटी पुन्हा काहीतरी चांगलं. मी म्हटलं, "अगो, म्हणजे कडू गोळी गुळात घालून द्यायची. त्यासाठी लोणावळ्याला कशाला जायला हवं?" ती हसली. मग म्हणाली, "आई, तुमच्या कारखान्यात कसं होतं? मालकाला काही सांगायचं असलं तर काय करायचात?"

"गाऱ्हाणं घालायचो," मी म्हटलं.

ती नागपूरकडची, तिला वाटलं तक्रार अर्ज वगैरे. तिचा दोष नाही. मी समजावून सांगायला गेले आणि सांगता सांगता पुढे बोलवेना, तेव्हा "दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवून दिला. दूधबीध काही नव्हतं. म्हटलं, बोलता येत नाही तर लिहून काढावं.

मी रत्नागिरीतल्या मांडवीची. आमच्याकडचे पुरुष बोटीवर, सासरही तसलंच. नवरा वर्षातला बराचसा काळ समुद्रावर आणि मी घरात भिंतींशी बोलत बसलेली. तेव्हा हातखंब्याच्या अलीकडे आंब्याचा रस डब्यात भरायचा कारखाना निघाला होता, तिथे बायका हव्यात असं कळलं. देठ काढायला म्हणून गेले ती बायकांची सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. मधलं सगळं सांगत बसत नाही, त्यात काही राम नाही.

ज्यांनी असला कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बागेतून आंबा कच्चा येतो. तो पेंढ्यात आढी घालून पिकवायचा. पिकला की धुवायचा, देठ काढायचा, डाग असेल तेवढा कापून टाकायचा आणि पल्परमध्ये सोडायचा. पल्पर म्हणजे साल नि बाठा, म्हणजे कोय, एकीकडे आणि रस एकीकडे काढणारं यंत्र. तो रस वाफेवर तापवून गरम असतानाच डब्यात भरायचा. सगळा खेळ वाफेचा. वाफ येते बॉयलरमधून, आणि आमचा बॉयलर चालायचा फाट्यांवर, म्हणजे जळाऊ लाकडांवर. तो चालवायचे धोंडूतात्या. संगमेश्वराकडच्या आतल्या गावचे, भातशेतीवाले. पावसाळ्यात नांगर आणि उन्हाळ्यात बॉयलर, असं त्यांचं वर्ष.

सीझन चालू झाला की त्या शेडमध्ये एवढा आवाज की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग आम्ही हातांनी बोलायचो. नाकावर बोट म्हणजे आंबा उतरलाय, बाजूला काढ. डोक्यावरून हात फिरवला की साहेब येतायत. तळहातावर तळहात घासला की चीक लागलाय, खोबरेल तेल आण. आंब्याचा चीक कातडी जाळतो, हे देठ काढणारीलाच ठाऊक. नवी बाई आली की आठवडाभरात सगळं शिकायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा नवरा मुंबईहून आलाय, हे सगळं आम्ही हातांनी सांगायचो आणि पोट धरून हसायचो. बाहेरच्याला वाटावं, बायांना झालंय तरी काय!

पण मालकाशी हातांनी बोलता येत नाही. आणि तोंडाने बोलायचं म्हटलं तर आम्ही कोकणातली माणसं. आम्ही तोंडावर बोलत नाही. आमच्याकडे "बघूया" म्हटलं की समजायचं, नाही. "हरकत नाही" म्हणजे हरकत आहे. "तुमचं काय हो, तुम्ही मोठी माणसं" असं म्हटलं की समोरच्याने मुकाट्याने घरी जावं. भांडण असलं तर दहा वर्षं कुंपणाच्या काठ्यांवरून चालवू, पण "बाबा रे, तुझं हे मला आवडलं नाही" एवढं वाक्य आमच्या तोंडून निघणार नाही. अशा माणसांचा कारखाना चालवायचा म्हणजे खायचं काम नव्हे.

आमचा चालला तो गाऱ्हाण्यावर. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. नवं काही सुरू करताना देवापुढे नारळ ठेवायचा आणि एका जाणत्याने मोठ्याने देवाला विनवायचं. त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्याकडे सीझनचा पहिला अग्नी बॉयलरला घालायच्या आधी भट्टीच्या दारापुढे गाऱ्हाणं व्हायचं, आणि भट्टी तात्यांची म्हणून ते तात्याच घालायचे. मालक भाऊ, ऑफिसातली माणसं, बायका, ड्रायव्हर, सगळे हात जोडून उभे.

मी ऐकलेलं पहिलं गाऱ्हाणं अजून कानात आहे. तात्यांचा आवाज एरवी खर्जातला, पुटपुटल्यासारखा. पण भट्टीपुढे उभे राहिले की छाती भरून निघायचा.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या भट्टीला अग्नी घालायच्या आधी तुझी लेकरं तुझ्यापुढं उभी हायत. हा नारळ ठेवलाय तो मानून घे. आंबा नीट येऊ दे, नीट पिकू दे, कुनाच्या हातापायाला इजा होऊ देऊ नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि म्हाराजा, आमच्या बायालेकी ज्या आडोशाला जातात, त्या आडोशाचं दार गेल्या पावसात मोडून पडलंय. एकीनं आत जावं नि दुसरीनं बाहेर पदर धरून उभं ऱ्हावं, अशी पाळी आलीय. ज्याच्या नजरंला हे पडायला हवं त्याच्या नजरंला पडू दे, आनि त्याच्या हातून ते काम होऊ दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायकांचा आवाज त्या वेळी पत्र्याला जाऊन लागला. मी भाऊंकडे बघितलं. भाऊंचे कान लाल झाले होते. पण हात जोडलेले, समोर नारळ, बाजूला सगळा कारखाना. देवापुढे उभं राहून "नाय म्हाराजा" म्हणायची सोय नाही. भाऊही म्हणाले, "व्हय म्हाराजा." दुसऱ्या दिवशी सुतार हजर!

ह्याला म्हणतात बोलणं. कुणाचं नाव नाही, कुणावर बोट नाही, मालकाचा मान राहिला आणि बायकांना दार मिळालं. मी नंतर कितीदा तरी बघितलं, सीझनच्या आधी बायका एकेक करून बॉयलरकडे जायच्या. फाट्यांच्या ढिगावर टेकायचं, पावसापाण्याचं बोलायचं, जाता जाता एखादा शब्द टाकायचा. तात्या फक्त "हं" म्हणायचे. कुणाचा कुठला शब्द कधी उचलायचा ते त्यांचं तेच ठरवायचे, आणि कुणाचा शब्द होता ते कधी कुणाला कळलं नाही. मालकाची बाजूही तेच मांडायचे. "कुनाच्या पदराखालनं पिकला आंबा फाटकाबाहेर जात असंल, तर त्या पदराला सुबुद्धी दे" असं म्हटलं की आमच्यातल्या दोघीतिघी जमिनीकडे बघत "व्हय म्हाराजा" म्हणायच्या. एक नेम मात्र कडक. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी काही मागायचं नाही. तात्यांनी कधी मागितलं नाही.

सांगलीकडचे एक केमिस्ट आमच्याकडे आले होते त्यांची मजा सांगते. माणूस लाखातला, पण पोटात येईल ते ओठावर. त्यांनी पहिल्याच आठवड्यात भर शेडमध्ये पार्वतीला झापलं. पार्वती म्हणजे आमच्या लाइनवरची सगळ्यात चपळ बाई, तोंडाने तर त्याहून चपळ. पण त्या दिवशी ती नुसतं "होय साहेब" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच बायका "होय साहेब" म्हणायला लागल्या. साहेब खूश, म्हणाले बघा कशी शिस्त लागली. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की "होय साहेब" म्हटल्यावर पुढे काहीच होत नाही. एक दिवस माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावून बसले. "ताई, ही माणसं भांडत का नाहीत हो? आमच्याकडे एव्हाना दोनदा भांडण होऊन मिटलं असतं."

मी म्हटलं, "साहेब, भांडायला आधी ओळख लागते."

तेवढ्यात बॉयलरची एक नळी गळायला लागली म्हणून तो थंड करावा लागला. दुरुस्त झाल्यावर पुन्हा पेटवायचा तर छोटं गाऱ्हाणं आलंच. तात्यांनी घातलं. "परमुलखातनं एक लेक आपल्यात आलाय. त्याचा आवाज मोठा हाय पन मन वंगाळ नाय. त्याला आमच्या हवेची सवय होऊ दे आनि आमच्या बायांच्या कानांना त्याच्या आवाजाची सवय होऊ दे, रे म्हाराजा!" साहेब क्षणभर गांगरले आणि मग सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "व्हय म्हाराजा!" हशा पिकला. दुपारी पार्वतीने स्वतःच्या हाताने त्यांना कोकमचं सरबत नेऊन दिलं आणि देता देता दोन शब्द सुनावलेसुद्धा. त्यावर त्यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि साहेब एकदाचे आमच्यातले झाले.

एक गाऱ्हाणं माझ्यासाठी होतं. त्या वर्षी माझा नवरा बोटीवरच गेला, परक्या बंदरात. त्याचा देह घरी यायला फार दिवस लागले. सीझनला मी कामावर आले ती दगडासारखी. बायका प्रेमाने जवळ यायच्या, काय झालं, कसं झालं विचारायच्या, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगताना मी पुन्हा पुन्हा मरायचे. मी कुणाला काही म्हटलं नव्हतं. तात्यांना तर नाहीच. पण भट्टीपुढे उभं राहून ते म्हणाले, "जिला बोलवत नाय तिला कुनी बोलायला लावू नको, रे म्हाराजा. तिच्या हातांना काम दे आनि बाकी सगळ्यांना गप ऱ्हायची अक्कल दे." व्हय म्हाराजा, बायका म्हणाल्या. त्यानंतर सबंध सीझनमध्ये मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. शेजारी उभ्या राहून देठ काढत राहिल्या. मी त्यांचे ते उपकार कधी फेडू शकणार नाही.

पुढे भाऊ थकले, घरी बसले, आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, निखिलकडे आला. निखिल पुण्याला शिकून आलेला, पण डोक्यात हवा नाही. लहान असताना तात्यांच्या खांद्यावर बसून कारखाना बघितलेला मुलगा. त्याला मनापासून वाटायचं की लोकांनी आपल्याशी मोकळं बोलावं. म्हणून त्याने सोमवारी मीटिंग सुरू केली. सगळ्या बायका स्वच्छ लुगडी नेसून यायच्या, हसऱ्या चेहऱ्याने बसायच्या आणि "काही अडचण?" विचारलं की एकमुखाने "नाय" म्हणायच्या. मग सूचनांची पेटी लावली. ती उघडली तर आत एक बाठा निघाला. मग व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला, त्यावर रोज सकाळी फुलं यायला लागली. बिचारा मला म्हणाला, "ताई, ह्यांना खरंच काही अडचण नाही का?"

अडचण होती. धुराची. आमची चिमणी आखूड आणि दुपारचा वारा फिरला की सगळा धूर उलटा शेडमध्ये यायचा. फाटी ओली असली तर बघायलाच नको. आधी बायकांचे डोळे चुरचुरायचे, पुढे पुढे खोकला लागायला लागला. पार्वतीचा तर सीझन संपला तरी जाईना. त्या वर्षी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तात्यांना कोन सांगनार? त्यांची भट्टी." खरंच पंचाईत होती. दार मालकाचं, आंबा बायकांचा, पण धूर तात्यांचा.

मी गेले. तात्या फाटी रचत होते. मी पावसाचं बोलले, भाताचं बोलले, मग म्हटलं, "दुपारी धूर फार येतो हो आत."

"वली फाटी असली की येतो."

"सुकी असली तरी येतो, तात्या."

ते लाकडं रचत राहिले. हातातलं लाकूड ढिगावर ठेवून म्हणाले, "व्हय. येतो."

त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात त्यांनी आंबा मागितला, पाऊस लांबू दे म्हणाले, आणि मग एक श्वास घेऊन म्हणाले, "ह्या भट्टीच्या धुरानं माझ्या लेकीबायांची छाती पोखरत चाललीय. तो धूर त्यांच्या वाटंतनं काढ, रे म्हाराजा!" पार्वतीने माझा हात घट्ट धरला. निखिल हात जोडून उभा होता, त्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि त्याच्या तोंडावरून दिसलं की त्याला ऐकू गेलं होतं. तात्यांनी आयुष्यात घातलेल्या सगळ्या गाऱ्हाण्यांत ह्या गाऱ्हाण्याला जेवढं फळ आलं तेवढं कशालाच आलं नाही. पुढच्या वर्षी सीझनच्या आधी निखिलने जुना बॉयलर भंगारात काढला आणि गॅसवर चालणारा नवा आणून बसवला. निळा, कपाटाएवढा. धूर नाही, राख नाही, भट्टीचं दार नाही, फाटी नाही. त्याच्याबरोबर चिपळूणकडचा एक शिकलेला ऑपरेटर आला. शेडमध्ये डोळे उघडे ठेवून श्वास घेता यायला लागला. निखिलने वाईट काही केलं नाही, हे मी आजही म्हणेन.

फक्त तात्यांना कुणी सांगितलं नाही.

शिमगा झाला की तात्या नळ्या घासायला न बोलावता यायचे. त्या वर्षीही आले. पिशवीत डबा आणि हत्यारं. जुन्या बॉयलरच्या जागी नुसती काळी जमीन बघितली, नव्या यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि फाट्यांचा ढीग असायचा तिथे पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आवार झाडलं, पाइपांना हात लावून बघितला, बसले. रोज सकाळच्या एसटीने यायचे आणि संध्याकाळी जायचे. निखिल मागच्या फाटकाने ये-जा करायला लागला. ऑफिसातली माणसं त्यांना चहा द्यायची आणि हवेचं बोलायची. सगळा कारखाना तात्यांशी गोड बोलत होता, आणि एकही जण खरं बोलत नव्हता.

निखिलने मला बोलावलं. "ताई, तात्यांना तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकतात ते."

"काय सांगू?"

"हेच की आता... म्हणजे काम नाही म्हणून."

"ते तू सांगायचंस," मी म्हटलं. "मालक तू आहेस."

"मला नाही जमत हो." त्याचे डोळे भरून आले होते. "त्यांच्यासमोर गेलं की शब्दच फुटत नाही." एवढी मोठी मोठी पुस्तकं वाचून आलेला मुलगा, पण शेवटी रत्नागिरीचाच.

एके दुपारी मी तात्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. मला राहवलं नाही, विचारलंच. "तात्या, धुराचं गाऱ्हाणं घातलंत तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं का, हे असं होईल?"

"धूर गेला म्हंजे फाटी गेली, फाटी गेली म्हंजे मी गेलो," ते म्हणाले. "येवढं कळतं, ताई. मी काय खुळा हाय? पन त्या पार्वतीचा खोकला ऐकवत नव्हता." मग म्हणाले, "त्याचं मला कायसुदिक वाटत नाय. वाटतं ते येवढंच, की ऱ्हा म्हना नायतर जा म्हना, पन कुनीतरी तोंडानं म्हना. घरी बायको रोज इचारते, काय म्हनाले? मी काय सांगू? जल्मभर सगळ्यांचं मी बोललो. माझ्याशी कोन बोलत नाय."

मला त्या क्षणी आमच्या सगळ्यांच्या गोडव्याची अशी चीड आली! पायरीवरून उठले ती तणतणत शेडमध्ये गेले.

नव्या बॉयलरच्या पूजेचा दिवस आला. भटजींनी पूजा सांगितली. मग नारळ ठेवला गेला आणि सवयीने सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. तात्या मागे खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "भट्टी ज्याच्या हातात त्यानं घालायचं. माझ्या हातात आता काय नाय." चिपळूणचा ऑपरेटर भला माणूस, त्याने घाबरून हात जोडले, "मला नाही येत हो." निखिल खाली बघायला लागला. नारळ तसाच.

मी पुढे झाले. बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी तरी तोवर ऐकलं नव्हतं. मागून कुणीतरी "अगो बाय!" म्हणालं. आवाज कुठून आणायचा ते कळत नव्हतं. पण सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरं तुझ्यापुढे उभी आहेत. आंबा नीट येऊ दे. हे नवं यंत्र आलंय त्याला यश दे, ज्याने आणलं त्याला यश दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि म्हाराजा, ज्या माणसाने आम्हा सगळ्यांची दुःखं तुझ्या कानावर घातली आणि स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, तो माणूस आज महिनाभर ह्या पायरीवर बसून आहे. त्याला राहा म्हणायचं असेल तर राहा म्हण, जा म्हणायचं असेल तर जा म्हण. पण आमच्यातल्या ज्याने ते सांगायचं आहे त्याच्या जिभेवर येऊन बस, आणि ते त्याच्या तोंडून आत्ता निघू दे, रे म्हाराजा!"

सगळं चिडीचूप. मला वाटलं, संपलं, आपलं काहीतरी भलतंच झालं. मग एकटी पार्वती म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि मग सगळ्याच बायका. केमिस्टसाहेब. ड्रायव्हर. सगळ्यांत शेवटी निखिल म्हणाला, आणि म्हणता म्हणता गर्दीतून वाट काढत खांबापाशी गेला.

"तात्या," तो म्हणाला. ह्या वेळी नजर खाली नव्हती. "नव्या बॉयलरवर तुमच्याजोगतं काम नाही. ह्या वर्षीपासून मी तुम्हाला कामाला ठेवू शकत नाही. हे मी तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही." आणि तो त्यांच्या पायांवर वाकला.

तात्यांनी त्याला उठवलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. महिनाभर पायरीवर बसलेल्या माणसाचा तो चेहराच नव्हता. "आता कसं!" ते म्हणाले. "भाऊंना जाऊन सांग, पोरगं बोलाया लागलं." मग स्वतः पुढे येऊन त्यांनी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि सगळ्यांच्या हातावर ठेवत फिरले.

माझ्या सुनेच्या लोणावळ्याच्या मास्तरांनी निखिलला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मलाही दिले असते कदाचित. पण मला रात्रंदिवस आठवतो तो तात्यांचा भट्टीपुढचा आवाज. गावी जाऊन भेटून आले एकदा. अंगणात बसलो, त्यांच्या बायकोने तांदळाची भाकरी वाढली, तात्यांनी भाताचं बोलून दाखवलं. सगळं छान होतं. पण ते घरचे तात्या होते. मला हवे होते ते हातात नारळ घेतलेले, माझ्या पोटातलं मला न विचारता ओळखून मोठ्याने म्हणणारे. आता मुलगा विचारतो, सून विचारते, "आई, बरं वाटत नाही का? काही हवंय का?" मी म्हणते, काही नाही. कसं सांगू? ज्याने सांगायचं तो माणूसच जवळ नाही. फार आठवण येते, एवढंच खरं.

त्या दिवशी पूजा आटपल्यावर तात्यांनी पिशवी उचलली. मी फाटकापर्यंत गेले. दर वर्षी सीझन संपला की ते इथेच वळून "येतो, ताई" म्हणायचे. आपल्याकडे निघताना "जातो" कुणी म्हणत नाही, परत न येणारासुद्धा म्हणत नाही.

तात्या वळले. "जातो, ताई," ते म्हणाले.

"या," मी म्हटलं.

ते हसले. "बघा, अजून तुमाला सरळ बोलाया येत नाय," म्हणाले आणि रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर मी आणखी काही सीझन तिथे काम केलं. शिमगा झाला की सकाळच्या एसटीच्या वेळेला मी फाटकात जाऊन उभी राहायचे. ते आले नाहीत.